आरोग्यसंवर्धन आणि आरोग्यसमता : अभ्यासाची दिशा

जबलपूरच्या गोहलपूर भागात राहणारा विद्यार्थी आज घरबसल्या विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करू शकतो. ‘आरोग्यसंवर्धन’ आणि ‘आरोग्यसमता’ या विषयांच्या व्याख्या त्याला पडद्यावर मिळतात. त्या पाठ करणे अवघड नाही. परंतु त्या कोणत्या अनुभवातून सिद्ध झाल्या हे उमगल्याखेरीज त्यांचा उपयोग करता येत नाही. म्हणून प्रस्तुत पाठात आपण प्रथम या दोन संज्ञांचा अर्थ पाहू, नंतर महाराष्ट्रातील दोन प्रयोगांचा परामर्श घेऊ, आणि अखेरीस विद्यार्थ्याने आपल्याच वस्तीकडे कसे पाहावे याचा विचार करू.

दोन संज्ञा

जबलपूरच्या परिसरात विडी वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून चालत आले आहे. या कामाची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तंबाखूच्या धुळीने खोकला जडलेल्या एखाद्या बाईला डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला, तर तो सल्ला वैद्यकीय दृष्ट्या बिनचूक असेल. पण विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी होय. दवाखान्यात घालवलेला वेळही तिला मजुरीतूनच मोजावा लागतो. तोच सल्ला मासिक पगार घेणाऱ्या माणसाला सहज पाळता येतो. सल्ला एकच, परंतु त्याची किंमत दोघांना सारखी नाही.

आरोग्यसंवर्धन म्हणजे केवळ उपदेश नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. १९८६ साली ओटावा येथे भरलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात या कार्याची पाच अंगे सांगितलेली आहेत : आरोग्यास पोषक असे सार्वजनिक धोरण, अनुकूल परिसर, लोकसमुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवांची नवी घडण. उपदेश हा यांपैकी एका अंगाचा लहानसा भाग आहे. आरोग्यसमतेचा विचार याहून एक पाऊल पुढे जातो. माणसामाणसांच्या आरोग्यातील जो फरक टाळता येण्याजोगा असूनही टाळला जात नाही, तो अन्याय्य होय, असे हा विचार मानतो. वृद्धाला तरुणापेक्षा अधिक आजार होतात, ही विषमता नव्हे. एका आळीतील मुले दुसऱ्या आळीतील मुलांहून अधिक संख्येने दगावतात, ही विषमता होय.

१९७१ साली ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी एक कटू सत्य मांडले. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते, असे ते सत्य होते. हा क्रम उलटा करता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यात शोधले जात होते.

जामखेडचा अनुभव

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे कामास आरंभ केला. दवाखाना सुरू झाला. परंतु गावकऱ्यांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते. १९७२च्या दुष्काळात तर ही निकड अधिकच तीव्र झाली. तेव्हा आरोग्याचे काम विहिरींपासून आणि मुलांच्या जेवणापासून सुरू करावे लागले.

कूपनलिका कोठे खोदावी, हा प्रश्न वरवर भूजलाचा वाटतो. जामखेडच्या परिसरात शक्य तेथे ती दलित वस्तीत खोदली जाईल असे पाहण्यात आले. ज्यांना आजवर दुसऱ्यांच्या विहिरीपासून दूर उभे राहावे लागे, त्यांच्या दारात पाणी आले आणि इतर सर्वांना ते भरण्यासाठी तेथे यावे लागले. आरोग्यसमता म्हणजे काय, हे समजण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरा धडा माणसांच्या निवडीचा आहे. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा आरंभीचा बेत साधला नाही. मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांपैकी कित्येक दलित होत्या, पुष्कळजणी निरक्षर होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, एकत्र राहत आणि एकत्र जेवत. बाळंतपण, अतिसार, लसीकरण यांचे ज्ञान त्यांनी मिळवलेच. पण जातीची पंगत मोडण्याचा अनुभवही त्या गावी घेऊन गेल्या. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांनी या कामाला आधार दिला.

१९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली हे प्रमाण ५२ वर आणि १९९६ साली २६ वर आले.

आकड्यांची पारख

येथे विद्यार्थ्याने थांबून शंका घेतली पाहिजे. याच काळात देशभर बालमृत्यू घटत होते. मग जामखेडमधील घट कितपत त्या कामामुळे झाली? याचे उत्तर तुलनेनेच मिळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेजारच्या इतर गावांशी तुलना केली असता, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यापुढील वयात मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यात मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही.

हा पहिला महिना गडचिरोलीतील प्रयोगाचा विषय झाला होता. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात अर्भकाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११पासून हे काम देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आले.

आपल्या वस्तीचा अभ्यास

जामखेडहून गोहलपूरला नेण्यासारखे काही असेल, तर ते प्रश्न होत. जामखेडचे उपाय जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत; खेड्याची विहीर आणि शहराचा नळ यांचे प्रश्न वेगळे असतात. विद्यार्थ्याने वही घेऊन आपल्या गल्लीतून हिंडावे आणि पुढील गोष्टींची नोंद करावी :

१. पाणी सर्वांत शेवटी कोणत्या घरी पोहोचते आणि ते कोण भरते?

२. दवाखान्याची वेळ कोणाच्या मजुरीच्या वेळेशी जुळत नाही?

३. दिला जाणारा सल्ला पाळण्यास काय खर्च येतो आणि तो कोण सोसतो?

४. वस्तीची सरासरी सुधारली असल्यास, त्या सरासरीखाली कोण दडले आहे?

५. निर्णय घेणाऱ्यांत, ज्यांना त्रास होतो अशांपैकी कोणी आहे काय?

या नोंदी करताना कोणाचे नाव लिहू नये, आणि विचारण्यापूर्वी अनुमती घ्यावी. शेवटची नोंद झाल्यावर पुन्हा व्याख्येकडे वळावे. आरंभी जी वाक्ये केवळ परीक्षेची वाटत होती, त्यांत आता आपल्या शेजाऱ्यांचे चेहरे दिसू लागतील. अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.