धुमसाच्या मातीची भिंत

गांवच्या जमिनीचे आपल्या पूर्वजांनीं दोन भाग मानले होते : पीक घ्यावयाची ती काळी आणि वस्ती करावयाची ती पांढरी. ही वाटणी केवळ रंगावरून पडलेली नाहीं. काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत हात-हात खोल भेगाळते. तिचा हा स्वभाव पिकाला चालतो, पण भिंतीला तो घातक आहे. पांढरीची माती अंगीं चिकण असून बेतानेंच फुगते. म्हणून धाब्यावर पसरावयास, भेंडे घालावयास आणि पेवें खणावयास पांढरीच हवी, असें जुनीं माणसें सांगत. घराला कोणती माती लागते हें आपणांस कोणी परदेशांतून येऊन शिकवावें अशी स्थिति खरोखर नव्हती.

आज मात्र शेताच्या वरच्या थरांतील माती वीटभट्टीला विकावयाची व आलेल्या पैशांत त्याच भट्टीची वीट घरासाठीं विकत घ्यावयाची, असा व्यवहार करणारे शेतकरी प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. भट्टीला गेलेली माती रानांत परत येत नाहीं. विटेला जळण लागतें. सिमेंटाला तर त्याहून मोठी भट्टी लागते, आणि एक टन सिमेंट तयार होतांना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. तेव्हां घराच्या भिंतींपुरती तरी न भाजलेली माती वापरतां येईल काय, हा प्रश्न शेतकऱ्यानें हिशेबी दृष्टीनेंच विचारण्यासारखा आहे.

या लेखांत जिचा विचार करावयाचा आहे ती भिंत चिखलाची नव्हे. दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून त्यांच्यामधल्या जागेंत किंचित् ओलसर माती थराथरानें घालावयाची आणि रस्त्यावरचा मुरूम ज्या धुमसानें ठोकतात तसल्या धुमसानें ती दगडासारखी होईपर्यंत ठोकावयाची, अशी ही रीत आहे. फ्रान्समध्यें ल्यों शहराच्या आसपास शेतकऱ्यांचीं जुनीं घरें या रीतीनें बांधलेलीं आहेत व त्यांपैकीं पुष्कळांत अद्यापि वस्ती आहे. फ्रांस्वा क्वांतरो या कारागिरानें १७९० नंतर या विद्येवर पुस्तिका छापल्या, आणि तेथून ती युरोपांत पसरली. जर्मनींतील वाइलबुर्ग गांवीं १८२८ च्या सुमारास बांधलेलें सहा मजली घर याच मातीचें असून तें आजहि उभें आहे. आपल्याकडेहि हा प्रयोग नवा नाहीं. फाळणीनंतर पंजाबांतून आलेल्या निर्वासितांसाठीं १९४८ सालीं कर्नाळ येथें मातींत थोडें सिमेंट मिसळून, ती ठोकून सुमारें ४,००० घरें उभारण्यांत आलीं. पुढील सालीं बंगळूर येथें अशींच २६० घरें बांधलीं गेलीं.

असो. मातीच्या घराची ही स्तुति मराठवाड्यांतील वाचक मुकाट्यानें ऐकून घेणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखालीं गाडलीं गेलीं. सरकारी नकाशांत हा भाग त्यापूर्वीं भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत मोडत असे. २००२ सालीं नकाशा सुधारला तेव्हां तो वरच्या पट्ट्यांत घालण्यांत आला. त्या दिवसानंतर "मातीनें माणसें मारलीं" हें वाक्य रूढ झालें. तें अर्धें खरें आहे, आणि कोणतें अर्धें खरें हें नीट समजल्याशिवाय कोणीं मातीच्या घराचा नाद करूं नये.

त्या गांवांतील भिंती बहुतांशीं दगडांच्या होत्या. आंतून व बाहेरून अनघड दगडांच्या दोन रांगा, मध्यें चिखल व कपऱ्या यांची भर, आणि दोन्ही रांगांना आरपार बांधणारे दगड क्वचितच. अशी भिंत हादरली कीं मधोमध फुटते. बाहेरची रांग रस्त्यावर पडते आणि आंतली घरांत. यावर भर म्हणून डोक्यावर माळवद. माळवद गळूं नये म्हणून दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्यावर मातीचा नवा थर द्यावयाचा. जुना कोणी काढीत नाहीं. बापानें दिलेल्या थरावर मुलगा थर देतो, आणि दोन पिढ्यांत अर्ध्या फुटाचें माळवद दोन फुटांवर जातें. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खणाचा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. दोन फूट जाडीची माती म्हणजे ३०० घनफूट. घनफुटाला १०० पौंड धरले तरी ३०,००० पौंड, म्हणजे सुमारें साडेतेरा टन. इतकें ओझें माथ्यावर घेऊन घरांतील माणसें निजलेलीं असत. जेथें हें ओझें भिंतींवर नसून लाकडी खांब व तुळया यांवर तोललेलें होतें, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती पडूनहि लाकडी सांगाडा उभा राहिला.

याच्या उलट उदाहरण कच्छचें. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत भुज व आसपासच्या गांवांतील दगडी घरें कोसळलीं. परंतु बन्नीकडील मातीचे वाटोळे भुंगे, ज्यांच्यावर गवताचें हलकें शंक्वाकार छप्पर असतें, ते बऱ्याच प्रमाणांत टिकले. तेथेंहि भिंत मातीचीच. फरक होता तो आकाराचा व माथ्यावरील ओझ्याचा. गोल भिंतीला फुटावयास कोपराच नाहीं.

जमिनीच्या पोटांत घर करण्याची कल्पनाहि कांहीं लोक हल्लीं मांडतात. दहा-बारा फूट खोलीवर उन्हाळा-हिंवाळा फारसा पोंचत नाहीं, हें पेव उघडणाऱ्यास ठाऊकच आहे. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद वर्षानुवर्षें पेवांत राहत असे. परंतु २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळ पेवें निकामी झालीं. चीनच्या शेन्सी प्रांतांत लोक पिढ्यान् पिढ्या पिवळ्या मातीच्या टेकड्या कोरून राहत आले आहेत; तेथें १५५६ च्या भूकंपांत आठ लाखांवर माणसें गेलीं असें तेथील इतिहास सांगतात, व त्यांत गुहाघरांत राहणारांचा भरणा मोठा होता. आपल्या काळ्या रानांत तर भुईंत घर खणणें म्हणजे भिंतीला चहूंकडून फुगणारी माती टेकविणें होय. धान्यासाठीं जी गोष्ट चालली ती माणसांसाठीं चालेल असें समजूं नये. म्हणून भुईवरच्या भिंतीकडेच वळूं.

पहिला प्रश्न मातीचा. वरची फूट-दीड फूट माती घ्यावयाची नाहीं. तींत कुजलेला पाला व मुळ्या असतात, आणि ती पिकाच्या उपयोगाची असल्यानें बाजूस ठेवून पुन्हां रानांत पसरावी. त्याखालील माती बाटलीच्या तृतीयांशापर्यंत भरावी, पाणी व चिमूटभर मीठ घालून खूप हालवावी आणि ठेवून द्यावी. वाळू व खडे मिनिटाभरांत तळाशीं बसतात, पोयटा तासा-दोन तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीं. वाळू-खडे निम्म्याहून जास्त, चिकणमाती दहांतील एक ते दोन भाग व बाकी पोयटा असें प्रमाण आढळल्यास ती माती भिंतीला योग्य. हें माप अदमासाचें असतें, तरी चुकीची माती टाळावयास पुरेसें होतें. दख्खनच्या पठारावर बहुतेक गांवीं मुरूम निघतो. नुसत्या मुरमांत चिकणाई कमी पडल्यास त्यांत तांबडी माती मिसळावी. काळी माती मिसळण्याचा मोह होतो, कारण ती हाताशीं असते. पण थोडीहि काळी पुढें भेगा पाडते. कालव्याच्या पाण्यानें चोपण झालेली किंवा खार फुटलेली माती मुळींच नको. ती पावसांत साखरेसारखी विरघळते. जुन्या ओसाड पांढरीच्या टेकाडालाहि कुदळ लावूं नये. इनामगांव व दायमाबाद येथें तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या घरांचे अवशेष अशाच टेकाडांत सांपडले. आपल्या टेकाडांत काय आहे हें खणून नासल्यावर कोणास कळणार?

दुसरा प्रश्न ओलीचा, आणि येथेंच नवखे गवंडी चुकतात. माती मुठींत घट्ट दाबून तिचा लाडू करावा व खांद्याच्या उंचीवरून कठीण भुईवर सोडावा. तो चार-पांच तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी. चपटा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त. जास्त ओलीची माती ठोकली तरी दबत नाहीं, नुसती इकडची तिकडे सरकते, आणि वाळतांना आकसून तडकते.

पाया काळी ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. जोतें दगडाचें, निदान दीड-दोन फूट उंच, व त्याच्या माथ्यावर ओल वर चढूं न देणारा थर असावा. त्यावर दीड फूट जाडीची भिंत धरावी. सुटी माती सहा इंच घातली म्हणजे ठोकून चार इंचांच्या आसपास होते. धुमसाचा घाव पडतांना प्रथम बद्द आवाज येतो, थर बसला कीं तो खणखणीत होतो. तो ऐकूं आल्यावरच पुढचा थर घालावा. सर्व भिंती एका उंचीनें चढवाव्या आणि कोपऱ्यांत थरांचे सांधे एकावर एक येऊं देऊं नयेत.

मापांविषयीं भारतीय मानक संस्थेनें मातीच्या घरांसाठीं १९९३ मध्येंच नियम छापले आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नसावी. आडव्या भिंतीचा आधार मिळेपर्यंत लांबी दहापटीहून जास्त नसावी. दार-खिडकीचें तोंड चार फुटांहून रुंद नसावें व तें बाहेरच्या कोपऱ्यापासून चार फूट दूर असावें. दीड फूट भिंतीला याचा अर्थ बारा फूट उंची व पंधरा फूट लांबी, म्हणजे शेतकऱ्याच्या नेहमींच्या खणाला पुरेसें. पण या सर्वांहून महत्त्वाचा भाग म्हणजे दारांच्या माथ्यावर व छपराखालीं घराभोवतीं अखंड फिरणारा लाकडाचा किंवा सळईच्या काँक्रीटचा पट्टा. पिंपाला जशी लोखंडी धांव तसा घराला हा पट्टा. तो गाळून पैसे वांचवावयाचे असतील तर घर बांधूं नये हें बरें. आणि छप्पर हलकें : कौलें, किंवा पत्र्याखालीं उष्णता अडविणारा एखादा थर. माळवद नको.

घर पुरें झाल्यावर वैरी उरतो तो पाणी. छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढावी आणि जोत्याभोवतीं पाणी निघून जाईल असा उतार द्यावा. गिलाव्याच्या बाबतींत प्रस्तुत लेखकानें स्वतः चूक केली आहे. आमच्या मळ्यांतील गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर हौसेनें सिमेंटचा गिलावा केला. दिसावयास सुरेख दिसला. दुसऱ्या पावसाळ्याअखेर तो पापुद्र्यासारखा सुटला आणि मागील माती ओल्या कणकेसारखी हातांत आली. बारीक तडींतून आंत गेलेल्या पाण्याला बाहेर पडावयास वाटच राहिली नव्हती. मातीच्या भिंतीस शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावा द्यावा. तो भिंतीबरोबर ओला होतो व भिंतीबरोबर वाळतो.

अशा भिंतीचा सुखाचा भाग उन्हाळ्यांत कळतो. दुपारची ऊब दीड फूट माती ओलांडून आंत यावयास पुष्कळ तास लागतात, म्हणून दिवस थंड जातो. परंतु तीच ऊब रात्रीं आंत उतरते. सूर्यास्तानंतर खिडक्या उघडून वारा खेळविला नाहीं तर विदर्भांतील वैशाखांत हें घर सुखाचें होणार नाहीं.

ही रीत सगळीकडे सारखी लागू पडेल असें मात्र नाहीं. कोंकणांत शंभर इंचांवर पाऊस आणि हाताशीं जांभा दगड. तेथें धुमसाच्या मातीची गरज नाहीं. नदीकांठीं पूररेषेच्या आंत ही भिंत घालणें वेडेपणाचें होय. वाळूसर माती असेल तेथें शेंकडा पांच ते आठ भाग सिमेंट मिसळल्यास ती पाण्याला चांगली दाद देत नाहीं. माती चिकण असेल तर सिमेंटाऐवजीं चुना बरा. माती घरची असली तरी मजुरी पुष्कळ लागते, व हल्लींच्या दरांत ती स्वस्त पडेलच असें नाहीं; घरचीं माणसें हात लावणार असतील तेथेंच खरी काटकसर होते.

काम दिवाळीनंतर काढावें, म्हणजे थंडींत भिंती चढतात व पावसापूर्वीं चार महिने त्यांना वाळावयास मिळतात. पहिल्याच वर्षीं राहत्या घराला हात घालूं नये. मळ्यांत जोत्यावर चार फूट लांब व कमरेइतकी उंच एक भिंत ठोकून पाहावी. तिच्या अर्ध्या भागावर पत्र्याची वळचण करावी व अर्धा भाग उघडा सोडावा, आणि मृगापासून हस्तापर्यंत दोन्हीं भागांची धार, पायथा व कोपरे दर पंधरवड्यास पाहत जावे.