मृगाआधी कुत्र्याची तयारी

पावसाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी कुत्र्यांचा आजार मे महिन्यातच अडवता आला असता. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), गोचीडताप आणि जंत या तिघांचं पावसाळ्यात फावतं, आणि तिघांवरही आधीच उपाय असतो. मात्र लस टोचली त्याच दिवशी अंगात ताकद येत नाही. त्यामुळे पाऊस पडायला लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, तारखा मागे मोजाव्या लागतात. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. ज्या कुत्र्याला लेप्टोची लस कधीच दिलेली नाही, त्याला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि दुसऱ्या डोसनंतरही आठवडा-दोन आठवडे जावे लागतात. म्हणजे सुरुवात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दरवर्षी लस घेणाऱ्या कुत्र्याचा बूस्टर मेच्या मध्यापर्यंत झाला तरी चालेल.

साहित्य: वजनकाटा, बारीक टोकाचा चिमटा, टॉर्च, झाकणाची स्वच्छ डबी, रबरी हातमोजे, लसीकरणाचं कार्ड आणि एक वही.

आधी वजन करा. कुत्रा काट्यावर स्थिर उभा राहत नाही, म्हणून त्याला कडेवर घेऊन तुम्ही उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. दोघांचं मिळून ७२ किलो आणि तुमचं ५८, तर कुत्रा १४ किलोचा. जंताची गोळी, गोचिडांचं औषध, सगळं वजनावर ठरतं. शेजारच्या मोठ्या कुत्र्यासाठी आणलेली गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. कुत्रा कडेवर मावत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर वजन करून घ्या.

मग अंग तपासा. घाई करू नका, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरून आकसलेल्या कुत्र्याच्या अंगावर जे सापडत नाही ते घरी निवांत पहुडलेल्या कुत्र्याच्या अंगावर सापडतं. तोंडापासून शेपटीपर्यंत, दरवेळी त्याच क्रमाने जा. ओठ वर उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरडी मुळातच फिकट असेल तर गोचिडांमुळे होणारा ताप किंवा रक्त पिणारे हुककृमी, दोन्हींची शंका घ्यावी आणि थांबू नये. (काहींच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालची पापणी ओढून आतला रंग बघा.) डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कान हुंगून बघा. आंबट, कुबट वास येत असेल तर पावसाच्या दमटपणात तो कान चिघळणार हे नक्की. बरगड्यांवर हात फिरवला की त्या हाताला लागायला हव्यात. लागत नसतील तर कुत्रा लठ्ठ झाला आहे.

गोचिडी शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या आत आणि मागे, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. सापडली की चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल लावणं, उदबत्तीने चटका देणं हे बंद करा. त्याने कुत्रा भाजतो आणि गोचीड सुटेलच असं नाही. बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

आता डॉक्टरांकडे. जाण्याआधी फोन करा, कारण बरेच डॉक्टर लसीच्या काही दिवस आधी जंताचं औषध देतात. सकाळची ताजी विष्ठा डबीत घेऊन जा. तपासणीत नेमके कोणते जंत आहेत ते कळतं आणि औषध नेमकं मिळतं. घरात रांगतं मूल असेल तर यात मुळीच कसूर करू नका, कारण कुत्र्याच्या गोलकृमींची अंडी मातीतून मुलाच्या हाताला आणि हातातून पोटात जातात. रेबीजची तारीख कार्डावर बघा. या आजाराची लक्षणं दिसू लागली की कुत्रा वाचत नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. लस घरी आणून टोचून घेणार असाल तर ती दुकानापासून सुईपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, म्हणजे बर्फाच्या डब्यातून आणा. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा. तोंड सुजलं किंवा उलटी झाली तर लगेच आत नेता येतं.

पिल्लाचं गणित वेगळं असतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरेल हे आधी कळत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत पार्वो आणि डिस्टेंपर या आजारांच्या लसीचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. ‘एक इंजेक्शन दिलंय’ एवढ्यावर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका.

गोचिडांचं औषध गोळीचं घ्यायचं की मानेवर सोडायच्या थेंबांचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा, काही गोळ्या अशांना चालत नाहीत. थेंब घालणार असाल तर आगेमागे दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजराला ते विष आहे. गुरांसाठी आणलेलं औषध कुत्र्याला चोपडणं गावाकडे सर्रास चालतं. ते जीवावर बेतू शकतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन कुत्र्याचं औषध विचारा. आणि नुसत्या कुत्र्यावर उपाय करून भागत नाही. गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. कुत्र्याचं पोतं किंवा चादर उकळत्या पाण्यात धुवा, त्याच्या बसायच्या जागेजवळच्या भेगा सिमेंटने बुजवा.

पाऊस लागला की रोजचं काम थोडंच, पण ते चुकवू नका. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ आली ती याच वाटेने. लस लेप्टोच्या सगळ्या प्रकारांना अडवत नाही, म्हणून कुत्र्याला डबक्यातून नेऊ नका आणि तिथलं पाणी पिऊ देऊ नका. फिरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा. उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवू नका, त्याला उंदीर येतात. ताप, उलट्या, गडद लघवी किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका आणि त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा.

दर रविवारी हिरडी, कान आणि गोचिडींच्या जागा पुन्हा बघा. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. पुढच्या जंताच्या औषधाची तारीख, म्हणजे साधारण तीन महिन्यांनंतरची, दवाखान्यातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.