ब्रेक दाबला की थांबणारी खटखट

चोपड्याहून यावलकडे जाणारा रस्ता काळ्या मातीवरून जातो. पावसात ही माती फुगते, उन्हात आकसते आणि वरचं डांबर उंचसखल होतं. गाडीच्या पुढच्या चाकांना सतत हादरे बसतात.

पुढचे ब्रेक पॅड बदलून थोडेच दिवस झाले होते. अडावदच्या अलीकडे डाव्या चाकातून खटखट ऐकू येऊ लागली. ब्रेकवर पाय ठेवला की आवाज बंद, उचलला की पुन्हा सुरू. ही खूण लक्षात ठेवा. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सैल असला तरी ब्रेक दाबल्यावर डिस्कला घट्ट धरतो, म्हणून तेवढ्यापुरता गप्प होतो. असा आवाज आला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ, असं म्हणू नका. मी गाडी कडेला घेऊन मिस्त्रींना तिथेच बोलावलं. त्यांनी चाक उतरवलं आणि म्हणाले, "भाऊ, हा बोल्ट तर हातानं फिरतोय."

कॅलिपरचं ब्रॅकेट धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी तो खालचा. तो पडला असता तर ब्रॅकेट उरलेल्या बोल्टाभोवती फिरून रिमला आतून अडकू शकलं असतं. मग चाक जाम, ब्रेकची नळी तुटण्याची भीती, आणि मागून केळीचे ट्रक.

बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. ताण कमी पडला की ते भाग आडवे सरकू लागतात आणि प्रत्येक सरकण्यासरशी बोल्ट थोडा उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. ब्रेकचा जोर या बोल्टांवर नेमका आडवाच येतो, आणि रिव्हर्समध्ये तो उलट दिशेने येतो. स्प्रिंग वायसर अशा आडव्या हादऱ्यांपुढे फारसा टिकत नाही.

माझ्या बोल्टाच्या आट्यांत वाळलेली माती आणि बोल्ट घट्ट राहावा म्हणून पूर्वी लावलेल्या लॉकटाइट गोंदाचा चुरा होता, ब्रॅकेटखाली गंजाची खपली. घाणीमुळे पान्याचा जोर घासण्यातच जातो, बोल्ट हवा तेवढा ताणला जात नाही. गंज पुढे दबून झिजतो आणि उरलासुरला ताणही जातो. म्हणून आटे वायर ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ करायला सांगा, ब्रॅकेट बसण्याची जागाही घासून घ्या. आट्यांना तेल-ग्रीस नको. ग्रीस फक्त कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांना, आणि तेही ब्रेकचंच. कंपनीने नवे बोल्ट घालायला सांगितलं असेल तर नवेच घाला. लॉकटाइट निळं घ्यावं, लाल नाही. लाल सोडवायला बोल्ट तापवावा लागतो. निळं पूर्ण पक्कं व्हायला साधारण 24 तास लागतात.

आवळायला टॉर्क पानाच हवा. अनेक छोट्या गाड्यांत ब्रॅकेटचे बोल्ट 80 ते 110 न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात, पिनांचे बोल्ट त्याच्या निम्म्याहूनही कमी. नेमका आकडा आपल्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. जास्त आवळलं तर आटे जातात.

शेवटी बोल्टाच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला सांगा. पुढे चाक कधीही उतरलं, अगदी पंक्चरसाठी का होईना, की ती रेघ सरळ आहे का ते वाकून बघा. तुटलेली दिसली तर तो बोल्ट नुसता पुन्हा आवळून चालणार नाही. काढून, स्वच्छ करून बसवायला लावा.