बैलाला पोळा, आणि आपल्याला?



घरभेटीला गेलो की आम्ही अलीकडे एक साधा प्रश्न विचारतो : "काम सोडून तुम्हांला काय करायला आवडते?" कापूस किती क्विंटल झाला, मुलांची फी भरली का, बदली कुठे झाली, यांची उत्तरे लगेच मिळतात. या प्रश्नावर मात्र घर गप्प होते. एक निवृत्त बांधव म्हणाले, "फादर, नोकरी होती तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ आहे, पण आवड कुठे हरवली ते कळत नाही." त्यांचे हे बोलणे आमच्या मनातून जात नाही. म्हणून आजचा हा पाठ.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनस यांच्या ग्रंथात आम्ही एक जुनी कथा वाचली होती. प्रेषित संत योहान शिष्यांबरोबर खेळात रमलेले पाहून काही जणांना ते खटकले. संतांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला लावले, आणि विचारले, हे असेच सतत करता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे संतांनी त्याला समजावले.

ही शिकवण आपल्याला नवी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही, त्याला सजवतो, तोरणाखाली उभे करून झडत्या म्हणतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाच्या विसाव्यात बैलाचेही नाव आहे. पण त्याच आज्ञेत माणसाचेही नाव आहे, हे आपण विसरतो.

आवड म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण घ्या. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत त्यांचा जन्म झाला. यवतमाळला त्यांनी वकिली केली, १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला गवत कापून ते तुरुंगात गेले, १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल झाले. एवढ्या व्यापातही संस्कृतची आवड त्यांनी सुटू दिली नाही. लोकमान्य टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचले. 'श्रीतिलकयशोऽर्णव' या त्या ग्रंथाला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पाहायला अणे नव्हते. १९६८ सालीच त्यांचे निधन झाले होते. आवडीचे मोल बक्षिसावर ठरत नाही, ते हे असे.

कोणी म्हणेल, "फादर, डोक्यावर कर्ज आणि सोयाबीन पाण्यात. छंद कसले सांगता?" प्रश्न खरा आहे. भजन गाऊन कर्ज फिटत नाही, आणि तसे सांगणारा माणूस तुमची थट्टा करतो. पण ज्याचा सगळा जीव एकाच शेतात किंवा एकाच खुर्चीत अडकलेला असतो, तो पीक बुडाले की "मीच बुडालो" असे म्हणू लागतो. हे खरे नाही. पीक बुडाले, तुम्ही नाही. ढोलकी वाजवणारे हात, मुलांना गोष्टी सांगणारा आवाज, रोपाची कलम बांधणारी बोटे शाबूत आहेत. ही जाणीव वाईट वर्षात माणसाला धरून ठेवते. आणि ओझे फारच जड झाले असेल तर एकटे राहू नका. घरात बोला, आमच्याकडे या. दार वाजवायला वेळकाळ पाहू नका.

मग आवड शोधायची कशी? तीन गोष्टी करून पाहा.

१. दहा-बारा वर्षांचे असताना कशात रमून जेवणाची हाक ऐकू येत नसे, ते आठवा. आवड बहुधा तिथेच ठेवलेली सापडते.

२. आठवड्यातून एक तास ठरवा. रविवारी मिस्सानंतरचा चालेल. खर्च नको, जुनी पेटी, वही-पेन, अंगणातील चार कुंड्या पुरेत. पहिल्या महिन्यात जमले नाही तर दुसरे काही करून पाहा.

३. घरातील स्त्रीचा तास आधी ठरवा. रविवारी आपल्याला सुट्टी असते, चुलीला नसते. तिने गावे, विणावे किंवा वाचावे असे वाटत असेल, तर त्या तासाला भांडी कोणी घासायची हे पुरुषांनी आणि मुलांनी ठरवावे. नुसते "कर ना तू" म्हणणे पुरेसे नाही.

आज जेवताना घरातील प्रत्येकाला हा प्रश्न विचारा : काम सोडून तुला काय आवडते? उत्तर लगेच आले नाही तर घाई करू नका. पुढच्या घरभेटीत आम्ही पुन्हा विचारणारच आहोत. तेव्हा आम्हांलाही विचारा. आमची बासरी कित्येक वर्षे कपाटात पडून होती. या आठवड्यात ती बाहेर काढली आहे. सूर अजून लागत नाहीत. शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू