शब्दांचा वेध

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अपरिचित शब्दाची फोड करून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधू शकाल;
• संदर्भानुसार बदलणाऱ्या अर्थछटा ओळखू शकाल;
• नवीन शब्द स्वतःच्या वाक्यात योजू शकाल.

प्रस्तावना
वाचताना अनोळखी शब्द आला, की पुष्कळदा आपण तो ओलांडून पुढे जातो. वाक्य वाचून होते, अर्थ मात्र हाती लागत नाही. करारपत्र, अर्ज किंवा औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचताना असा एक शब्द सुटला, तर नुकसानही होऊ शकते. म्हणून शब्दापाशी थांबण्याची सवय हवी. जयपूरच्या एका प्रसिद्ध वास्तूच्या निमित्ताने ही सवय कशी लावावी, ते पाहू.

मूळ पाठ
महाराजा सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूर शहर वसवले. ते स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे त्यांनी वेधशाळा उभारल्या. मथुरेची वेधशाळा आज अस्तित्वात नाही. जयपूरची वेधशाळा सर्वांत मोठी असून २०१० मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. लोक तिला ‘जंतर मंतर’ म्हणतात.

‘जंतरमंतर’ म्हटले, की मराठी माणसाला जादूटोणा आठवतो. येथे मात्र जादू नाही. आहे ते निरीक्षण आणि गणित. मग हे नाव कसे पडले? ‘यंत्र’ शब्दातील ‘य’चा ‘ज’ झाला आणि जोडाक्षर सुटे होऊन ‘जंतर’ बनले. ‘यात्रा’चे ‘जत्रा’, ‘योगी’चे ‘जोगी’ झाले, ते याच रीतीने. ‘मंत्र’चे ‘मंतर’ झाले.

‘यम्’ म्हणजे आवरणे, नियमन करणे. त्याला साधन दर्शवणारा ‘त्र’ हा प्रत्यय लागून ‘यंत्र’ शब्द सिद्ध होतो. नेत्र, पात्र, शस्त्र हे शब्दही असेच घडले आहेत. ‘मंत्र’ शब्दाच्या मुळाशी ‘मन्’, म्हणजे विचार करणे, हा धातू आहे. म्हणूनच विचारविनिमयाला ‘मंत्रणा’ आणि सल्ला देणाऱ्याला ‘मंत्री’ म्हणतात. या वास्तूच्या नावात ‘मंत्र’ म्हणजे गणना, असा अर्थ घेतला जातो.

मात्र सावध राहा. ‘सर्वत्र’, ‘एकत्र’ या शब्दांतील ‘त्र’ साधन नव्हे, तर स्थान दाखवतो. फोड केल्याने अंदाज मिळतो. खात्री शब्दकोश देतो.

आता ‘वेधशाळा’ हा शब्द घ्या. ‘वेध’ म्हणजे मुळात भेदणे. नेम धरून पाहणे, हा अर्थ त्यातूनच आला. पुढील वाक्ये वाचा :
१. शास्त्रज्ञांनी ग्रहाचा वेध घेतला. (निरीक्षण)
२. मुलांना सुट्टीचे वेध लागले. (उत्सुकता)
३. तिच्या आवाजाने सर्वांचे लक्ष वेधले. (खेचून घेणे)
शब्द एकच, सोबतचे शब्द बदलले, की अर्थ बदलतो.

येथील ‘सम्राट यंत्र’ हे सुमारे २७ मीटर उंचीचे छायायंत्र आहे. त्याच्या त्रिकोणी भिंतीची छाया सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर सरकते, म्हणजे ती सरकताना डोळ्यांना दिसते. पूर्वी दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळे मानत. त्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. आज ‘घटकाभर बसा’ म्हणताना आपण मिनिटे मोजत नाही. मापाचा शब्द ‘थोडा वेळ’ या अर्थाने उरला आहे.

जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. ते अरबी शिकले आणि युक्लिडचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. त्याचे नाव ‘रेखागणित’. याच शास्त्राला मराठीत आपण ‘भूमिती’ म्हणतो : भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे मोजणी. एका नावात रेघ दिसते, तर दुसऱ्यात शेत. एका मोठ्या पंडितालाही नव्या भाषेची अक्षरे गिरवावी लागली, हे लक्षात ठेवा.

तुम्ही काय शिकलात?
• नवा शब्द आला, की त्याची फोड करावी, सोबतचे शब्द पाहावे आणि शेवटी शब्दकोश उघडावा.
• शब्द स्वतःच्या वाक्यात वापरला, की तो आपला होतो.

पाठगत प्रश्न
१. गटात न बसणारा शब्द ओळखा : नेत्र, पात्र, सर्वत्र, शस्त्र.
२. ‘चोराने पळ काढला’ आणि ‘पळभर थांबा’ यांतील ‘पळ’चा अर्थ सांगा.
३. ‘मंत्रालय’ या शब्दाची फोड करा.

उपक्रम
घरातील एखादे बिल किंवा पावती घ्या. त्यातील पाच अनोळखी शब्दांचे अर्थ शोधा आणि प्रत्येकाचे एक वाक्य वहीत लिहा.

उत्तरे
१. सर्वत्र. २. पलायन, क्षण. ३. मंत्री + आलय नव्हे. मंत्र (सल्लामसलत) + आलय (स्थान).