पाळी गेली, पोट सुटले : लिव्हरकडे लक्ष द्या

नारायणगडच काय, साऱ्या बीड जिल्ह्यातून बायाबापडे ऊसतोडीला जातात. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर ऐन तिशीतही इस्ट्रोजेन एकदम घटते. एरवी ते पाळी जाताना, पंचेचाळिशी-पन्नाशीत घटते.

इस्ट्रोजेन असेतो चरबी मांड्यांवर, कुल्ह्यांवर साठते. नंतर ती पोटात साठू लागते. आतड्यांभोवतीची ही चरबी रक्तावाटे थेट लिव्हरमध्ये उतरते आणि लिव्हरही चरबी कमी जाळते. म्हणून दारूला न शिवलेल्या बाईलाही फॅटी लिव्हर होते. सुरुवातीला काही दुखत नाही.

मायबहिणींनो, बेंबीजवळ टेपने घेर मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सरकारी दवाखान्यात साखर व लिव्हर तपासून घ्या. ऑपरेशनचे कागद दाखवून ‘अंडाशय काढलेत का?’ असे विचारा. चहातली साखर व तळण कमी करा, भाकरीसोबत डाळ-भाजी वाढवा, रोज अर्धा तास भरभर चाला. सत्तर किलोच्या बाईचे पाच किलो उतरले, तरी लिव्हरची चरबी घटते.

आणि कोणी पिशवी काढायला सांगितले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.