जांघेतली खाज, कोरडी चामडी आणि मेडिकलची ट्यूब



आजचा विषय जरा लाजेचा आहे. मासिक बैठकीत याच्यावर कोणी बोलत नाही, पण बैठक उठली की एकेक जण बाजूला घेऊन हळूच विचारतो. म्हणून इथेच सगळ्यांसाठी लिहितो आहोत. जांघेत अन् अंडकोषाच्या चामडीवर खाज सुटते, चामडी कोरडी पडून सोलते, आग होते. बहुतेक वेळा याच्यात वाईट चालीचा काही संबंध नसतो. आपला धंदाच पाण्यातला आहे.

हे काहून होते?

ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्याचं कमरेखालचं अंग तासन्‌तास पाण्यात राहते. डोंगेवाल्याची चड्डीही ओलीच असते. बाहेर निघालं की तीच चड्डी अंगावर वाळते. रोज भिजणं-वाळणं, भिजणं-वाळणं चाललं की चामडीतलं तेल निघून जाते. तलावाचं पाणी हटल्यावर गाळ जसा तडकतो, तशी चामडी तडकते. त्यात मासळीचा वास जावा म्हणून आपण कपड्याच्या साबणाने खसखसून घासतो, पाण्यात जंतुनाशक ओततो. वास जातो, पण उरलेलं तेलही जाते.

पण प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते

1. कोरडेपणा : चामडी पांढुरकी दिसते, बारीक कोंडा निघतो, साबण लागला की चरचरते. चट्ट्याला ठरावीक कडा नसते.

2. गजकर्ण (दाद) : जांघेच्या घडीत लाल चट्टा, कडा उठलेली, मधला भाग साफ. हळूहळू मांडीवर, कुल्ल्यावर पसरते. ही बुरशी आहे.

3. खरूज : रात्री खाज जास्त. बोटांच्या बेचक्यात, पोटावर आणि लिंगावर, अंडकोषावर बारीक गाठी. घरात दुसऱ्यालाही खाज असते.

4. साखरेची बीमारी : लिंगाच्या टोकावरची चामडी लाल होते, चिरा पडतात, पांढरा थर येतो, चामडी मागे सरकत नाही. असं वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. पुष्कळांना साखर असल्याचं इथूनच कळते.

मेडिकलच्या ट्यूबची गोष्ट

आपल्या एका सभासदाने मागच्या हंगामात दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज बंद. त्याने ट्यूब ठेवून दिली. आठवड्याने खाज दुप्पट होऊन परत आली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा खाज. चार महिन्यांत चट्टा कमरेपर्यंत गेला, बायकोला झाला, लेकराला झाला. ऐन हंगामात गडी पाण्यात उतरू शकत नव्हता.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज दाबते, पण बुरशीला मारत नाही. उलट चामडीची ताकद कमी करून बुरशीला मोकळं रान देते. आपल्या देशात दाद इतकी हट्टी झाली, त्याचं एक मोठं कारण या मिसळीच्या ट्यूब आहेत असं चामडीचे डॉक्टर सांगतात. 2020 मध्ये जपानच्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये सापडलेल्या एका हट्टी बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावच दिलं. केंद्र सरकारने 2018 साली 14 स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरी आपण मागतो आणि दुकानदार देतो.

अंडकोषाची चामडी फार पातळ. 1967 साली अमेरिकेत झालेल्या एका तपासणीत हाताच्या चामडीपेक्षा इथे स्टेरॉइड औषध जवळपास 42 पट जास्त मुरलं. म्हणून इथे अशी ट्यूब जास्त दिवस लावली तर चामडी लालबुंद होते, सारखी आग होते. ट्यूब घेताना मागचं नाव वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यापैकी काही लिहिलं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

रोजची काळजी

- पाण्यातून निघाल्यावर साध्या स्वच्छ पाण्याने धुवा. साबण सौम्य आणि थोडाच.
- घासू नका, दुपट्ट्याने टिपा. जांघेची घडी पूर्ण कोरडी करा.
- डोंग्यावर, गाडीवर एक कोरडी सुती चड्डी पिशवीत ठेवाच. घट्ट नायलॉनची नको.
- फक्त कोरडेपणा असेल तर रात्री साधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल पातळ लावा. दाद असेल तर तेल लावू नका, ओल धरते.
- चड्डी, टॉवेल उलटे करून कडक उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.
- निंबू, रॉकेल, लसूण, निव्वळ जंतुनाशक लावू नका. चामडी भाजते.
- दाद किंवा खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी एकाच वेळी करा. खरजेचं औषध तर खाज नसलेल्यांनीही त्याच दिवशी लावायचं असते. एकट्याने इलाज केला तर ती घरातच फिरत राहते.
- खाज थांबली म्हणजे दाद गेली असं नाही. डॉक्टर सांगेल तितके आठवडे औषध पूर्ण करा.

दवाखान्यात केव्हा जायचं?

दोन आठवडे काळजी घेऊन फरक नसेल, फोड, जखम किंवा पाणी येत असेल, साखर असेल, तर पांढुर्णा किंवा सौसरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर छिंदवाडा, नागपूर आहेच. आणि अचानक सूज, जोराचं दुखणं, ताप, चामडी काळी पडणं असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी निघा. त्यात जीवाला धोका असतो.

ज्यांना जुनी दाद आहे त्यांनी 16 जून ते 15 ऑगस्टच्या मासेमारी बंदीत इलाज पूर्ण करून घ्यावा. त्या दोन महिन्यांत अंग कोरडं ठेवणं सोपं जाते. जाळं फाटलं तर आपण बंदीतच शिवतो, मग अंगाचंही तेव्हाच पाहून घ्या.

घरच्या बायांना विनंती, हा लेख आपल्या माणसाला वाचून दाखवा. तो स्वतःहून सांगणार नाही.